ज्या खोलीत ती नव्हती

"एक पान राहिलं होतं, ताई! एकच पान! एक फोन करायला तुझा हात मोडला होता का?"

प्रार्थना आटोपून सगळे नुकतेच जेवायला बसले होते. व्हर्डेलच्या हातात मक्याच्या पावाचं गरम भांडं होतं, आणि तिच्या धाकट्या भावानं, लेमनं, खिशातून काढलेला कागद तिच्या ताटाशेजारी असा आपटला की त्याच्या बायकोच्या, कोरीनच्या, हातातला काटाच खाली पडला. व्हर्डेलनं भांडं तसंच धरून, वाकून कागद वाचला. सरकारी अनुदानासाठी लेमनं पाठवलेला संशोधनाचा प्रस्ताव एका अपुऱ्या पानापायी न वाचताच परत केल्याचं ते पत्र होतं, आणि त्याच्या तळाशी ठळक, वळणदार अक्षरांत सही होती… तिचीच! व्हर्डेल गेन्स, प्रमुख.

"तीन वर्षं रक्त आटवलंय मी त्यावर," लेम म्हणाला. "आपली आर्डिथ ज्या दुखण्यानं गेली ना, त्या सिकल सेलवरचं काम आहे हे. आणि सख्ख्या बहिणीच्या कंपनीत ते कुणी उघडूनसुद्धा पाहिलं नाही! वर सही तुझी! का? मला फक्त एवढं सांग… का?"

सांगणं किती सोपं होतं! 'मी तिथे नव्हते रे'… अवघे चार शब्द. पण ते ओठांपर्यंत आले आणि तिथेच थिजले.

"लेम… मला यावर बोलता येत नाही."

"बोलता येत नाही, की बोलायला तोंड नाही?"

"आधी जेवून घे, राजा. पाव निवतोय."

"तुझ्या हातचा घास आता माझ्या घशाखाली उतरायचा नाही!"

तो ताडकन उठला. कोरीननं दारातून एकदा वळून पाहिलं, डोळ्यांनीच क्षमा मागितली, आणि गाडी निघून गेली. भांड्याच्या उष्णतेनं बोटं पोळत होती हे व्हर्डेलच्या ध्यानात आलं तेव्हा टेबलाशी कुणीच उरलं नव्हतं.

आई गेली तेव्हा लेम सात वर्षांचा होता, मधली आर्डिथ तेरा वर्षांची आणि व्हर्डेल वीस. कॉलेजच्या पुस्तकांना तिनं त्याच आठवड्यात रामराम ठोकला आणि एका कचेरीत टायपिंगला बसली. आर्डिथच्या हाडांत कळा उठायच्या तेव्हा तिला मांडीवर घेऊन ती भजनं गायची, लेमची शाळेची फी भरायची, आणि लग्नाचा विचार या नाताळावरून त्या नाताळावर ढकलता ढकलता तो विषयच संपला. आर्डिथला एकोणिसाव्या वर्षी देवानं नेलं. तिच्या दफनाच्या दिवशी तेरा वर्षांचा लेम म्हणाला होता, "ताई, यावरचं औषध मी शोधीन." जग हसलं असतं. व्हर्डेलनं मात्र तो शब्द देवापुढे ठेवलेल्या दिव्यासारखा आजवर जपला होता.

आणि तिची कंपनी! अमेरिकेतल्या मेरीलँडमधल्या तिच्या छोट्या घराच्या मागच्या खोलीत सुरू केलेली. आता तिथे बावीस माणसं काम करत होती. शास्त्रीय संशोधनाला पैसा सरकार देतं, पण कुणाचा प्रस्ताव खरा तोलाचा, हे त्या विषयातल्या जाणत्यांनीच ठरवायचं असतं. त्या जाणत्यांना गोळा करायचं, त्यांच्यापुढे कागद मांडायचे, आणि ज्या खोलीत ते बसतात ती खोली इतकी निर्मळ ठेवायची की कुणाला बोट दाखवायला जागा उरू नये… एवढंच या कंपनीचं काम. एवढंच, पण व्हर्डेलला ते देवळाचा गाभारा झाडण्यासारखं वाटायचं. ज्याचा नातलग किंवा मित्र अर्जदार असेल त्यानं त्या प्रस्तावापुरतं खोलीबाहेर जायचं. आणि आत कोण होतं, बाहेर कोण गेलं, कोण काय बोललं, हे मरेपर्यंत पोटात ठेवायचं. "'मी आत नव्हतो' एवढंसुद्धा म्हणायचं नाही," ती प्रत्येक नव्या माणसाला बजावायची. "मी नव्हतो म्हटलं, की पुढचा प्रश्न येतो, मग कोण होतं?" एवढ्या एका वाक्यापायी तिनं पूर्वी एका हुशार, गुणी मुलीला कामावरून काढलं होतं. ती मुलगी रडत गेली होती. ते रडणं व्हर्डेलच्या कानांत अजून होतं… मग स्वतःच्या भावासाठी तोच नियम ती कुठल्या तोंडानं मोडणार?

लेमचं नाव अर्जदारांच्या यादीत दिसताच तासाभरात तिनं सरकारी अधिकाऱ्यांना कळवलं होतं, सगळा गठ्ठा आपला जुना सहायक थॉर्नटन बीझली याच्या स्वाधीन केला होता आणि स्वतःच्या खोलीचं दार लावून घेतलं होतं. पुढे काय झालं ते तिला त्या पत्रावरूनच कळलं. रुग्णांच्या संमतीचं पान नसेल तर प्रस्ताव परत जातो. तो कुणाचाही असो. पण कंपनीच्या प्रत्येक पत्राखाली प्रमुखाची सही छापलेलीच असायची. बाईंना खोलीबाहेर ठेवलं, त्यांच्या सहीला मात्र बाहेर ठेवायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही!

"बॉस, चूक माझी आहे," सोमवारी थॉर्नटन तिच्यासमोर उभा होता, चष्मा पुसायचं निमित्त करत डोळे पुसत होता. "मी जातो तुमच्या भावाकडे. सांगतो त्याला."

"काय सांगणार? आत कोण होतं ते?"

थॉर्नटननं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"ती सही आजच्या आज पत्रांवरून काढ. ज्याच्या हातात काम, त्याचीच सही. बाकीचं देव बघेल."

"देवाला फार कामं लावता तुम्ही, बॉस."

"त्याच्याकडे माणसं जास्त आहेत, थॉर्नटन. आपण बावीसच."

देवानं मात्र घाई केली नाही. लेमनं दुसऱ्या वर्षी पुन्हा प्रस्ताव पाठवला, आणि या वेळी व्हर्डेलला अधिकाऱ्यांचंच पत्र आलं: आपण प्रमुख आहात तोवर आपल्या भावाचे प्रस्ताव दुसऱ्या समितीकडे जातील. नव्या नियमाला धरूनच होतं ते. पण त्या रक्ताच्या दुखण्यातली जाणती माणसं देशात डझनभर, आणि ती सगळी बसायची व्हर्डेलच्याच खोलीत! दुसरीकडे त्या कामाचं मोल कोण जाणणार? हिवाळ्याच्या तोंडावर कोरीननं चोरून फोन केला. "याही वेळी नाही झालं, ताई. हे आता प्रयोगशाळाच बंद करायचं म्हणताहेत. जेवत नाहीत नीट…"

व्हर्डेलनं फोन ठेवला. म्हणजे भावाच्या वाटेतला दगड आपणच! शत्रुत्वानं नव्हे, चुकीनंही नव्हे. केवळ त्या खुर्चीवर बसलो आहोत म्हणून! बावीस वर्षांचं ते विश्व तिच्या डोळ्यांपुढून सरकलं. मागच्या खोलीतलं पहिलं टेबल, पहिलं कंत्राट मिळालं तेव्हा थॉर्नटननं आणलेला वाकडातिकडा केक, नोकरीच्या पहिल्याच दिवशी घाबरून रडलेली आणि आता स्वतः दुसऱ्यांना धीर देणारी पोरं… आणि त्या सगळ्यांच्या पल्याड पांढऱ्या चादरीवर मुठी आवळून पडलेली आर्डिथ. व्हर्डेलनं हात जोडले. मागणं काही मागितलंच नाही. "दिलंस, बावीस वर्षं दिलंस," एवढंच ती पुटपुटली. "उपकार झाले, प्रभू."

सकाळी तिनं थॉर्नटनपुढे किल्ल्या ठेवल्या.

"आजपासून प्रमुख तू. कंपनी तुम्हा सगळ्यांच्या नावावर करते आहे. माझं इथे काही राहू नये, नावसुद्धा नाही."

"पण का?" थॉर्नटननं किल्ल्या मागे सरकवल्या.

"गुडघे दुखतात माझे."

"गुडघ्यांवर कंपनी चालवत होतात का तुम्ही?"

"तर काय! प्रार्थनेला गुडघेच लागतात, बाबा. कंपनी त्याच्यावरच चालली."

थॉर्नटन हसला नाही. सारं ओळखून त्यानं मान खाली घातली आणि किल्ल्या उचलल्या.

पुढच्या वसंतात लेमचा तिसरा प्रस्ताव त्याच खोलीत, त्याच जाणत्यांपुढे वाचला गेला. अनुदान मंजूर झालं. व्हर्डेलला ते चर्चच्या साप्ताहिक पत्रकातून कळलं. 'आपले बंधू डॉ. लेम्युएल गेन्स यांचं अभिनंदन' ही ओळ तिनं कात्रीनं कापून बायबलमध्ये ठेवली. भाऊ आला नाही, फोनही आला नाही. चर्चमधल्या बायका कुजबुजायच्या, "मिस व्हर्डेल, एवढं केलंत आणि तो मेला ढुंकूनही बघत नाही!" ती म्हणायची, "त्याचं काम चाललंय ना? मग माझी तक्रार कसली?" आणि ते ढोंग नव्हतं. उरात कळ होती, पण त्या कळेच्या तळाशी एक निर्मळ झरा अखंड वाहत होता… कृतज्ञतेचा!

दीड वर्ष असंच गेलं. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे आभाराच्या सणाआधीचा तो रविवार. प्रार्थनेला अजून तास होता, आणि चर्चच्या तळघरात व्हर्डेल पंगतीसाठी लोखंडी खुर्च्या दोन-दोन उचलून मांडत होती.

"गुडघे दुखतात म्हणून कंपनी सोडलीस म्हणे?"

हातातल्या खुर्च्या तशाच राहिल्या. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर लेम उभा होता. कानांजवळ केस पिकलेले, डोळे लाल.

"देवानं बरे केले," ती कशीबशी म्हणाली.

"वेळेवर केले, नाही? माझ्या प्रस्तावाच्या आधी दोन महिने दुखायला लागले, आणि अनुदान मिळालं तशी खुर्च्या उचलायला लागलीस!" तो हसायला गेला, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा वेडावाकडा झाला. "मला या वर्षी तज्ज्ञ म्हणून बोलावलं, ताई. अनुदान मिळालेल्यांना बोलावतात ना… थॉर्नटनकडेच. समितीचा अध्यक्ष केलं. आधी नियमांच्या कागदावर सही घेतली. त्यात एक ओळ होती. अर्जदार कंपनीच्या प्रमुखाचा नातलग असेल, तर त्याचा प्रस्ताव इथे तपासला जाणार नाही. मी ती ओळ चारदा वाचली."

व्हर्डेलनं खुर्च्या हळूच खाली ठेवल्या.

"आणि परवा माझा एक जुना मित्र दारात आला. हातात नकाराचं पत्र, सोबत समितीची यादी. यादीत अध्यक्ष म्हणून नाव माझं. मला म्हणाला, 'आपण एका ताटात जेवलो रे! का केलंस?'" लेम पायरी उतरून पुढे आला. "आणि ताई… मी तोंड उघडलं, आणि तुझं वाक्य बाहेर पडलं. जसंच्या तसं. मला यावर बोलता येत नाही! तो माझ्या तोंडावर दार आपटून गेला."

व्हर्डेलच्या ओठांवर प्रश्न आला… 'त्याच्या वेळी तू आत होतास का रे?' तिनं तो विचारला नाही. लेमनंही काही सांगितलं नाही. दोघं नुसती एकमेकांकडे पाहत राहिली, आणि ज्या चार शब्दांनी तीन वर्षं खाल्ली, ते कुणीही न उच्चारता दोघांनाही ऐकू आले!

"ताई!" तो तिच्या पायांशी बसलाच. "मी तुझं अन्न लाथाडलं… मी तुला काय काय बोललो…"

"ऊठ, वेड्या. सूट मळेल. कोरीन मला बोल लावेल."

"तू एकदाही चिडली नाहीस?"

"चिडले की! पहिल्या वर्षी रोज चिडले. मग दमले." तिनं त्याचं डोकं पोटाशी धरलं, जसं आई गेली त्या दिवशी धरलं होतं. "तुझ्या त्या मित्रावर रागवू नकोस हं."

"तोही तीन वर्षं बोलला नाही तर?"

"तर त्याच्यासाठी मागणं माग. मला तरी दुसरं काय सुचलं होतं?"

वर ऑर्गन वाजू लागला होता. बहीणभाऊ डोळे पुसून वर गेली. पास्टर क्वार्ल्स त्या दिवशी आभारावर बोलत होते. आधी सावकाश, गोष्टीवेल्हाळ, आजी नातवाला सांगते तसं. मग शब्दांना झोके येऊ लागले, ऑर्गन त्यांच्या मागून पावलं टाकू लागला, आणि बोलणं संपून गाणं कुठं सुरू झालं ते कुणाला उमगलंच नाही.

"तू झोपला होतास, तेव्हा कुणी जागं होतं का?"

"होतं!" सारं चर्च गर्जलं.

"तू शिव्या देत होतास, तेव्हा कुणी तुझं नाव घेऊन मागत होतं का?"

"होतं! होतं!"

"तू त्याला पाहिलंस का?"

"नाही!"

"मग आता तरी म्हण की रे… उपकार झाले!"

साक्षीची वेळ झाली. ज्याला ज्याचे आभार मानायचे, त्यानं उठून मानायचे. लेम उठला. दोनशे माणसांपुढे तो शास्त्रज्ञ हातातली टोपी चुरगळत उभा राहिला.

"मला माझ्या बहिणीचे आभार मानायचेत," तो म्हणाला. "पण… कशाबद्दल, ते मला सांगता येणार नाही."

माणसं माना वळवून पाहू लागली. मग पहिल्या रांगेतून नव्वद वर्षांच्या मदर ऑलिव्हेट यांचा खणखणीत आवाज आला, "मग नको सांगूस, बाळा! ज्याला कळायचं त्याला कळलंय! आता उभाच आहेस तर गा!"

हास्याची लाट उसळली, टाळ्या सुरू झाल्या, पास्टरांनी सूर उचलला. व्हर्डेल वीस वर्षं त्या गायकवृंदात होती, आणि तिचा सूर कधी तसूभरही हलला नव्हता. नव्या मुलींना तिच्याशेजारी उभं करायचे. त्या रविवारी मात्र पहिल्याच ओळीला तिचा आवाज फुटला, ताल सुटला, गाणं कुठे आणि ती कुठे! डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरीही ती गात होती, तोंड भरून, भलत्याच सुरात गात होती… आणि कुणीही तिला सुरावर ये म्हणालं नाही.