दुसरा मिक्सर

मला भामट्यांचा भयंकर राग आहे. आणि त्या शनिवारी रांगेत माझ्या मागे उभा असलेला माणूस मला पहिल्या नजरेत भामटाच वाटला.

विजेच्या वस्तूंचं मोठं दुकान. आईसाठी वॉशिंग मशीन घ्यायला मी रोख पैसे घेऊन गेले होते. माझं डोळे तपासायचं आणि चष्मे विकायचं छोटं दुकान आहे, येणारे पैसे रोख येतात, जाणारेही रोख जातात. पण काउंटरवरच्या ताईंनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. अमुक बँकेचं कार्ड असेल तर दहा टक्के सूट. नसेल तर पूर्ण किंमत.

"म्हणजे रोख देणारा मूर्ख?" मी विचारलं.

"तसं नाही, मॅडम..."

"मग कसं?"

तेवढ्यात मागून खाकरल्याचा आवाज आला. "अहो... ऐका ना. ते कार्ड माझ्याकडे आहे. मी कार्डावर भरतो, तुम्ही मला रोख द्या. तुमचे दहा टक्के वाचतील."

"आणि तुमचा काय फायदा?"

"मला पॉइंट मिळतील. कार्ड वापरलं की कंपनी पॉइंट देते. भरपूर साठले की चांगल्या हॉटेलात फुकट राहता येतं."

मी त्याला नखशिखांत न्याहाळलं. निळा गणवेश, बाहीवर ग्रीसचा डाग, हातात एक बल्ब. चांगल्या हॉटेलात राहणारी माणसं मी पाहिली आहेत, ती अशी दिसत नाहीत.

"ना ओळख ना पाळख, आणि मी तुमच्या हातात पैसे ठेवू?"

"आधी मी भरतो. बिल तुमच्या नावाचं करू. मशीन तुमच्या ताब्यात आलं की मग द्या. नाही दिलेत तर मीच बुडेन."

असा व्यवहार कोणी करतं का? म्हणजे हा भामटा नव्हता, बावळट होता. बावळटांचाही मला राग येतो, पण जरा कमी.

त्याने कार्ड दिलं, मी पैसे मोजून दिले, आणि त्याने ते न मोजताच खिशात घातले. मी त्यावरूनही त्याला बोलले. तो हसला. हसला की त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जास्त बारीक व्हायचा. हे मी धंद्याच्या सवयीने पाहिलं, बाकी काही नाही.

"घरात काही घ्यायचं निघालं तर फोन करा," नंबर देताना तो म्हणाला. "म्हणजे... पॉइंटांसाठी."

"पॉइंटांसाठीच," मी बजावलं.

आठवड्याभरात आमची इस्त्री बिघडली. म्हणजे बिघडली नव्हती, पण बिघडेल असं मला वाटलं. मी फोन केला. तो आला. "तुम्ही तिकडे मशीनची कॉफी घ्या, तोवर मी बिल भरतो," म्हणाला, आणि दहा टक्के कमी करून आला. मग आम्ही ती पाणचट कॉफी दुकानाच्या पायरीवर उभं राहून इतकी सावकाश प्यायलो की वॉचमनने दोनदा बाजूला व्हायला सांगितलं.

मग टेबलफॅन. फॅन घ्यायला गेलो तेव्हा रांगेत मांडलेले दहाबारा फॅन त्याने एकेक करून लावून दाखवले. माझे केस तोंडावर आले. मी ते बाजूला करून पाहिलं तर तो फॅनकडे बघतच नव्हता.

"काय बघताय?"

"वारा."

"वारा कधी दिसतो का?"

"आज दिसतोय."

मला इतका राग आला की मी लगेच तोच फॅन घेतला.

त्या दिवशी पायरीवर त्याने मला हॉटेलचं सांगितलं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. गावातल्या सर्वांत मोठ्या हॉटेलची लिफ्टही त्याच्याकडेच होती. त्याच हॉटेलच्या लाँड्रीत त्याचे बाबा उमेदीच्या वयापासून चादरी धूत आले होते. आई वरच्या मजल्यांवर खोल्या आवरायची, गुडघे गेले तेव्हा घरी बसली.

"आईने तिथे किती पलंग लावले असतील, देव जाणे. त्यातल्या एकावरही ती कधी बसली नाही. आणि बाबा आयुष्यभर मागच्या लिफ्टने गेले. पुढची मी चकाचक ठेवतो, पण ते तिच्यात पाय ठेवत नाहीत. या महिनाअखेरीला निवृत्त होतायत. त्या दिवशी दोघांना तिथेच पाहुणे म्हणून न्यायचंय. दोन रात्री."

"मग पैसे भरून न्या की. एवढं काय ते पॉइंट पॉइंट?"

"बाबांना कळलं ना, की एका रात्रीला किती पडतात, तर ते दारातून मागे फिरतील. मला जन्मभर ऐकवतील. फुकट आहे म्हटलं तरच येतील. आणि खोटं मला बोलता येत नाही, लगेच पकडला जातो."

माझ्या आईनेही कधी हॉटेलात पाऊल टाकलेलं नाही, आणि टाकलं तर तीही आधी दरच विचारेल. कप रिकामा होता, तरी मी तो तोंडाला लावून उभी राहिले.

"किती राहिलेत?"

"थोडेच," तो म्हणाला.

त्यानंतर मी टोस्टर घेतला. आमच्या घरात टोस्ट कोणी खात नाही. त्यानंतर मिक्सर घेतला. खोकी मी न उघडता पलंगाखाली सरकवत होते. इस्त्री, फॅन, टोस्टर, मिक्सर. आई झाडू घेऊन वाकली की झाडू खोक्यांवर आपटायचा.

"घरात धडधाकट मिक्सर असताना दुसरा कशाला गं?" आईने विचारलं. "पहिल्याला एकटं करमत नाही का?"

"लागतो," मी म्हटलं.

"हं. लागतो खरा," आई म्हणाली, आणि झाडत पुढे गेली.

मी माझ्या मनाची समजूत घातली होती. चांगल्या कामाला हातभार लावतेय. त्याचे पॉइंट वाढतायत, त्याच्या आईबाबांची खोली जवळ येतेय. त्याला भेटावंसं वाटतं, फोन करायला मी निमित्तं शोधते, ते सगळं वेगळं.

मग एक दिवस शेजारच्या औषधाच्या दुकानातली माझी मैत्रीण फ्रिज घ्यायला निघाली. तिच्याकडे त्याच बँकेचं कार्ड होतं. मी तोऱ्यात तिला घेऊन गेले आणि काउंटरवरच्या ताईंना म्हटलं, "हिच्या कार्डावर दहा टक्के कमी करा."

"ती सूट? ती संपून जमाना झाला, मॅडम. पाटीपण काढली की."

मी भिंतीकडे पाहिलं. भिंत मोकळी होती.

"मग मला कशी मिळते?"

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. "ते साहेब सांगू नका म्हणाले होते. ते आपल्या कार्डाचे साठलेले पॉइंट मोडतात. पॉइंट दिले की तेवढी रक्कम बिलातून कमी होते. दर वेळी म्हणतात, बरोबर दहा टक्के कमी दिसू देत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मैत्रीण म्हणते, माझे ओठ नुसते हलत होते.

तो कुठे काम करतोय ते मला माहीत होतं. सकाळीच त्याने कळवलं होतं, पाच मजली कार्यालय आहे, लिफ्ट अडकलीय. मी जिने चढत गेले. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं, पुढे साखळी लावलेली, आत अंधार, आणि माझ्या पायांच्या उंचीवर त्याचं डोकं. तो खाली अडकलेल्या लिफ्टच्या टपावर उभा राहून काहीतरी पिळत होता.

"वर या," मी म्हटलं.

"अरे, तुम्ही? इकडे कशा?"

"वर या, नाहीतर मी खाली येते."

"खाली नका येऊ... पडाल."

"सूट कधी संपली?"

त्याच्या हातातला पाना थांबला. "पहिल्याच आठवड्यात."

"आणि तेव्हापासून तुम्ही पॉइंट जाळताय. माझ्या इस्त्रीवर. माझ्या टोस्टरवर. तुमच्या आईबाबांची खोली होती ती. मी ती मिक्सरमध्ये घालून दळली, आणि तुम्ही शेजारी उभे राहून कॉफी पीत होतात."

"पुन्हा साठतील."

"महिनाअखेरपर्यंत?"

त्याने पाना दुसऱ्या हातात घेतला.

"का केलंत असं? अक्कल गहाण टाकली होती का?"

त्याने वर पाहिलं. कपाळावर तेलाचा पट्टा होता. "सूट संपली म्हटलं असतं... तर तुम्ही पुन्हा फोन केला असतात का?"

मला काय वाटलं, ते मी नीट सांगू शकत नाही. आनंद झाला, आणि त्या आनंदाचाच इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

"म्हणजे मी दहा टक्क्यांसाठी येत होते, असं वाटलं तुम्हाला? दहा टक्क्यांसाठी मी दुकान लवकर बंद करून, दोन बस बदलून..."

"मग कशासाठी?"

त्याने अगदी साधेपणाने विचारलं. "उद्या सहा वाजता दुकानात या," मी म्हटलं. "कार्ड घेऊन." आणि जिने उतरले.

ताईंना मी आधीच विचारलं होतं. माल परत घेतात. पैसे कार्डावर जातात, मोडलेले पॉइंटही जसेच्या तसे परत मिळतात. अटी दोनच. कार्डाचा मालक समोर हवा, आणि खोक्याचं सील शाबूत हवं.

त्या संध्याकाळी मी पलंगाखालून चारही खोकी ओढून काढली आणि त्यांच्यासमोर बसले. सगळी सीलबंद. म्हणजे तो बघणार. त्याला कळणार की मी एकही वस्तू वापरायला घेतली नव्हती. सील फोडलं तर माझी अब्रू वाचत होती आणि त्याच्या बाबांची खोली जात होती. मी कात्री हातात घेतलीही. लाज वाटते सांगायला, पण घेतली.

आई दारात उभी होती. "चार खोकी आणलीस," ती म्हणाली, "त्यापेक्षा एकदा त्याला घरी आणला असतास तर स्वस्त पडलं असतं." आणि मिक्सरचं खोकं उचलून तिने दाराशी नेऊन ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या आधीच येऊन थांबला होता. गणवेश नाही, इस्त्रीचा शर्ट. मी रिक्षातून खोकी उतरवली. त्याने मदत केली, आणि काउंटरवर ठेवता ठेवता एकेका खोक्याकडे पाहायला लागला. मिक्सरच्या सीलवरून त्याने अंगठा फिरवला.

"उघडलंच नाही?"

"गप्प बसा."

"इस्त्रीपण?"

"सांगितलं ना, गप्प बसा."

मागे रांग लागली होती. ताईंनी संगणक चालू केला. "परत करण्याचं कारण टाकावं लागतं. काही बिघाड?"

"नाही."

"रंग, आकार आवडला नाही?"

"उघडूनच पाहिलं नाही, तर आवडेल कसं?"

मागच्या काकांनी मोठ्याने सुस्कारा सोडला. "मग मी आपलं 'ग्राहकाचा विचार बदलला' असं टाकते," ताई म्हणाल्या. "सगळ्यांचं तेच टाकते."

आणि माझं डोकं फिरलं. आयुष्यात पहिल्यांदा मी लाज गिळून एवढ्या लांब खोकी वाहून आणली होती, आणि ही बाई त्यावर खोटं लिहिणार होती.

"तसं लिहू नका," मी म्हटलं. "माझा विचार बदललेला नाही. पहिल्या दिवसापासून एकच आहे. मला इस्त्री नको होती, फॅन नको होता, मिक्सर तर घरात आहेच. मला हा माणूस हवा होता. आणि त्याला भेटायला काही ना काही घ्यावं लागत होतं. लिहा."

ताईंची बोटं तशीच वर थांबली होती.

"एवढं बसत नाही, मॅडम," त्या हळूच म्हणाल्या. "जागा कमी आहे."

तो हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला. "आणि मी..." त्याला धड बोलता येईना. "मी एकेक पॉइंट जमवत होतो ना, तेव्हा कधी वाटलं नाही की ते खर्च करताना इतका आनंद होईल. तू... तू ओरडलीस तरी मला बरं वाटतं."

तो मला 'तू' म्हणाला, आणि मी त्यावरून काही बोलले नाही.

पॉइंट परत आले. खोली मिळाली.

महिनाअखेरीला मी हॉटेलच्या दारात उभी होते. त्याची आई माझा हात धरून थांबली होती, आणि त्याचे बाबा, सत्काराचा हार काढून हातात घेतलेले, पुढच्या लिफ्टसमोर अडून बसले होते. ही पाहुण्यांची लिफ्ट आहे, म्हणत होते. आम्ही मागून येतो. तो समजावून थकला. त्याची आई नुसती त्यांच्याकडे बघत होती. बाबांनी खरोखरच मागच्या दाराकडे पाऊल टाकलं.

मग मात्र मला राहवलं नाही.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही आज इथले पाहुणेच आहात. ही लिफ्ट तुमचा मुलगा दुरुस्त करतो. आणि खोली फुकट आहे, नाही गेलात तर ती वाया जाईल. वाया गेलेलं तुम्हाला चालतं का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग बायकोकडे. त्यांनी चपला पायपुसण्याला नीट पुसल्या आणि आत पाऊल टाकलं. आई त्यांच्या पाठोपाठ गेली. दार मिटताना ती आरशात बघून केस सारखे करत होती.

आम्ही दोघं खालीच उभे राहिलो. लिफ्टचे आकडे एकेक करत वर गेले आणि सातव्यावर थांबले. तो त्या आकड्यांकडेच बघत होता. डोळे भरले होते.

"अशीच रागवत राहशील का?" त्याने विचारलं. "आमच्या घरी. कायमची."

"मी कारण नसताना रागवत नाही."

"कारणं मी देत जाईन."

मला त्याचा खूप राग आला. मी त्याचा हात धरला.