एका कीबोर्डवर दोघं

प्लग एक आणि चार्जर दोन. म्हणजे भांडण होणारच होतं.

लातूरला कापडाच्या दुकानावरचा आमच्या शिबिराचा हॉल. जून लागला होता तरी ऊन हटायला तयार नव्हतं, आणि कोपऱ्यातला कूलर वारा कमी आणि आवाज जास्त करत होता. मी खाली वाकून प्लगमध्ये पिन घालणार, तोच दुसरा एक हात मध्ये आला.

"हा माझा हाय," मी म्हणाले.

"नाव लिहिलंय का?"

"लिहिते की. पेन दे."

त्यानं खरंच खिशातून पेन काढून पुढं केला... आणि हसला. मी पेन घेतला आणि प्लगसुद्धा. राग आला होता म्हणून त्याच्याकडं नीट बघितलं, आणि मग रागासाठी लागतं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ बघत राहिले. नाव प्रीतम. नांदेडचा. मामाच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा, म्हणून बोटांवर सोल्डरिंग करताना भाजल्याचे बारीक चट्टे.

माझं नाव सुकन्या. चाकूरजवळच्या एका गावात मला 'डॉक्टरीणबाई' म्हणतात. दोनदा नीटची परीक्षा दिली, दोनदा आपटले, पण गाव ऐकायला तयार नाही. सुट्टीत घरी गेले की बायका पोरांच्या जिभा दाखवायला आणतात. पप्पांनी तिसऱ्यांदा क्लास लावायचं ठरवलं तेव्हा मी जेवण सोडलं. मग तडजोड झाली ती अशी : एका आठवड्याचं हे कोडिंगचं शिबिर कर. त्यातून पुढच्या सहा महिन्यांच्या फुकट कोर्सला तुझी निवड झाली तर शिक बापडी. नाही झाली तर शनिवारी मी न्यायला येतो. बॅग भरून ठेवायची, आणि सोमवारपासून पुन्हा बायोलॉजी.

आणि शिबिराची अट काय? दोघादोघांच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीतून एकच जण पुढं.

जोडी कशी जमली तेही ऐका. पहिल्या दिवशी दयानंद सरांनी फळ्यावर छोटा प्रोग्राम लिहून दिला. स्क्रीनवर आपलं नाव आणि गाव दिसतं, एवढाच. "उद्या प्रत्येकानं स्वतःचा करून दाखवा," असं सांगून ते गेले. आम्ही सगळे लातूरच्या क्लासमध्ये वाढलेली पोरं. आम्हाला कोणी काही लिहून दिलं की आम्ही ते आधी पाठ करतो, समजून घ्यायचं मग बघू. दुसऱ्या दिवशी सर हॉलभर फिरले, आणि प्रत्येक स्क्रीनवर एकच ओळ : 'नमस्कार, मी दयानंद, राहणार सोलापूर.'

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. माझ्या शेजारून प्रीतमची कुजबूज आली.

"तू बी दयानंद?"

"हाव. तू?"

"मी बी. सोलापूरचाच."

"मग एका गावचे निघालो की आपण!"

आम्हाला हसू आवरेना. सरांनी शिक्षा म्हणून त्या दोन खिदळणाऱ्या दयानंदांची जोडी लावून टाकली.

जोडीचं काम म्हणजे एकानं टाईप करायचं, दुसऱ्यानं बघायचं, चुका काढायच्या. सरांनी घंटा वाजवली की अदलाबदल. बाकीच्या जोड्यांत पोरं कीबोर्ड धरून बसायची आणि पोरींना 'रंग कुठला द्यायचा ते सांग' म्हणायची. प्रीतमही पहिल्यांदा घंटा झाल्यावर हलेना. मी सरळ त्याच्या हातावर हात ठेवला.

"घंटा झाली."

"ऐकलीच न्हाई."

"खोटं."

"बरं... ऐकली. पण चाललंय चांगलं, चालू दे की."

"उठ. माझी पाळी सोडायला मी चाकूरहून आलेली न्हाई."

तो उठला. हात काढायला मात्र मीच विसरले होते, हे त्यानं लक्षात आणून दिलं नाही. पुढच्या घंटेला तो आपण होऊन उठला आणि मला उगाचच वाईट वाटलं.

आम्ही काय बनवलं? मी ज्या गल्लीत खोली घेऊन राहते तिथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, आणि येण्याची वेळ देवालाही ठाऊक नसते. ज्याला आधी दिसतं तो ओरडतो. जो क्लासला, कामाला गेला तो बसला कोरडा. म्हणून आम्ही असं केलं की ज्याच्याकडं पाणी येईल त्यानं मोबाईलवर बटण दाबायचं, आणि गल्लीतल्या सगळ्यांना मेसेज जायचा.

बुधवारी माझ्या घरमालकीण केवळाबाईंना माझ्याच मोबाईलवर ते बघायला दिलं. त्यांनी 'बघू काय होतंय' म्हणून बटण दाबलं. अख्खी गल्ली हंडे, बादल्या, टिपाडं घेऊन बाहेर आली, आणि नळ ठणठणीत कोरडा! मग जो शिमगा झाला तो विचारू नका. त्या भांडणात उभी राहूनच मला सुचलं, की दोन घरांनी बटण दाबल्याशिवाय मेसेज जायलाच नको. ते मी लिहिलं. मेसेज केवळाबाईंच्या बटणाच्या साध्या फोनवरही पोचला पाहिजे, ही प्रीतमची खटपट. ती त्यानं केली.

मेसेज जातो का ते बघायला तो संध्याकाळी एकट्या मला पाठवायचा.

'चाचणी. पिवळा ड्रेस चांगला दिसला आज.'

'हे सगळ्या गल्लीला गेलं का?'

'न्हाई. दोनदा तपासलंय.'

'चाचणी झाली असेल तर झोप.'

'झाली न्हाई. उत्तर आलं तरच पूर्ण होते...'

यावर मात्र मी उत्तर देत नव्हते. फक्त दुसऱ्या दिवशी कोणता ड्रेस घालायचा यात माझा उगाच वेळ जायला लागला. आवडायला लागला होता तो मला, आडपडदा कशाला ठेवू?

शुक्रवारी चहाच्या गाड्यावर मी त्याला पप्पांची अट सांगितली.

"आणि तुझं काय?" मी विचारलं.

"माझं काय... दोन वर्षं लोकांचे फुटलेले फोन उघडून राहिलो. वाटतं, आत जे चालतं ते लिहावं एकदा." मग घाईनं म्हणाला, "पण मामाचं दुकान हायच की. मला काय घाई न्हाई."

मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

शनिवारी आमची पाळी आली. सरांनी विचारलं, "कोणी काय केलं?" आणि प्रीतम माझ्या आधी उठला.

"सगळं हिनंच केलं सर. मी नुसता शेजारी बसलो होतो."

माझ्या कानापर्यंत आग गेली. म्हणजे हा मला सीट देणार? बसमध्ये देतात तशी, उठून?

"खोटं बोलून राहिलाय सर," मी उभी राहिले. "दोन घरांचं माझं. मेसेजचं सगळं त्याचं. विश्वास नसंल तर दोघांना वेगळं काम द्या."

"सुकन्या, बस खाली," प्रीतम हळूच म्हणाला.

"तू बस."

सरांनी हात वर करून आम्हा दोघांना थांबवलं. मग म्हणाले, "ठीक. पाणी गेल्यावरही गल्लीला कळलं पाहिजे. तेवढं घाला. वेगवेगळ्या मशीनवर."

"आणि मन लावून कर," मी त्याला दात-ओठ खात सांगितलं. "मुद्दाम चुकलास तर आयुष्यात बोलणार न्हाई."

त्यानं मन लावून केलं. त्याचा मेसेज एकदा गेला आणि थांबला. माझा गेला, आणि जातच राहिला... सरांचा फोन टेबलावर थरथरत सरकायला लागला तेव्हा हॉल हसला. मला चूक कुठं आहे तेही दिसत होतं, पण वेळ संपली होती.

"प्रीतम," सर म्हणाले.

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्यानं मीच वाजवल्या.

जिन्यात त्यानं मला गाठलं. तोंड एवढंसं झालेलं. "काय गरज होती गं? गप बसली असतीस तर आज तू..."

"गप बसले असते तर तुझ्याकडं बघताना दरवेळी मला उपकार दिसले असते," मी म्हणाले. आवाज फुटत होता, फुटू दिला. "मला तू दिसायला पाहिजेस, प्रीतम. उपकार नकोत."

तो काही बोलणार, तेवढ्यात खालून हाक आली. "सुके!"

पप्पा. दुकानाच्या सावलीत मोटरसायकल लावून उभे होते. हातात रिकामी पिशवी, माझी पुस्तकं न्यायला.

"काय झालं?"

"हरले."

त्यांनी सुस्कारा सोडला. त्यात थोडं वाईट वाटणं होतं आणि बरीचशी सुटका. "मग चल. क्लासवाल्यांना फोन करून ठेवलाय."

"मी येत न्हाई, पप्पा."

"अगं, शब्द दिला होतास!"

"दिला होता. मोडून राहिले. मला डॉक्टर व्हायचं न्हाई, हे तुम्हाला दोनदा निकालानं सांगितलं, आता तोंडानं सांगते. हे लोक चार महिन्यांनी पुन्हा शिबिर घेणार हायत. तोवर मी इथंच राहीन, एखादं काम धरीन आणि पुन्हा बसेन. चूक कुठं झाली ते मला कळलंय."

त्यांची नजर माझ्या मागं, जिन्याच्या पायरीवर गेली. "हा कोण?"

"हा प्रीतम. हा जिंकला." मी श्वास घेतला. "आणि मला हा आवडतो."

मागं काहीतरी जोरात आपटलं. प्रीतमच्या हातातली बॅग पडली होती.

पप्पांच्या कपाळाची शीर ताडताड उडत होती. तरी आवाज खाली ठेवून त्यांनी विचारलंच. आमच्याकडं सगळे बाप पहिल्यांदा विचारतात तेच. "आडनाव काय रे तुझं?"

"मला माहीत हाय त्याचं आडनाव," मी मध्ये उभी राहिले. "तेवढं बास झालं. तुम्ही विचारू नका."

रस्त्यावरून रिक्षा जात होत्या. पप्पा माझ्याकडं बघत राहिले, मी त्यांच्याकडं. मान खाली घालायची सवय वीस वर्षांची होती, पण आज घातली नाही. शेवटी त्यांनीच नजर काढली, रिकामी पिशवी हँडलला अडकवली आणि किक मारली. जाताना वळून बघितलं नाही. मला रडू आलं, पण मी हाक मारली नाही.

मोटरसायकल दिसेनाशी झाली तशी मी पायरीवर बसले. प्रीतमनं माझा हात धरला. या वेळी कुठली घंटा झाली नव्हती.

"आता तू बोल," मी डोळे पुसत म्हणाले. "मी बापासमोर बोलले. तू माझ्यासमोर तरी बोलशील का न्हाई?"

"बोलतो की..." तो माझ्या शेजारी टेकला. "तू लई आवडतीस मला. पहिल्या दिवसापासनं. पण खरं सांगू? तुझी जरा भीती बी वाटते."

"वाटू दे," मी म्हणाले.