गुलाबांच्या घरातला झोपाळू डबा

"ऊठ की लेका! आनि किती झोपशील?"

राजेश्वरी दारातच थबकली. मालक कामगाराला झापतोय असंच तिला वाटलं. आत डोकावून बघते तर काय... गुलाबांच्या दोन वाफ्यांमध्ये एक उंच तरुण कमरेवर हात ठेवून उभा, आणि राग चाललाय तो खांबावरच्या करड्या डब्यावर. तिच्याच डब्यावर!

"तो असा उठणार नाही," ती म्हणाली.

तो दचकून वळला. कानटोपीतून सुटलेले केस, बाहीवर गुलाबाच्या पानाचा तुकडा. "मग कसा उठतो? अंगाई उलटी म्हनायची का?"

"बटण दाबायचं." तिनं डबा बंद केला, पुन्हा चालू केला. हिरवा दिवा लागला.

"आयला, एवढंच?" त्यानं लगेच जीभ चावली. "मी ओंकार. ह्ये पॉलिहाऊस आमचंच. आनि तुमी...?"

"राजेश्वरी. ह्या डब्याच्या आतलं सगळं मी लिहिलंय."

"म्हंजे ही कुंभकर्णाची झोप बी तुमीच शिकवली व्हय त्याला?"

खरं तर नोव्हेंबरातल्या त्या दिवशी वलवणला ती येणारच नव्हती. नेहमी येणारा सहकारी तापानं पडला, म्हणून वराळ्याच्या कंपनीतून तिला धाडलं. पण प्रश्न मात्र तिच्याच जिव्हाळ्याचा होता. हा डबा गुलाबांना ठिबकमधून पाणी आणि खत द्यायचा. घाटमाथ्यावर वारा सुटला की लाईट जाते, आणि डब्याची बॅटरी काही मिनिटांचीच सोबतीण. तेवढ्यात डब्यानं डोक्यातलं सगळं मेमरी कार्डावर उतरवून झोपी जायचं, आणि लाईट आली की जिथं थांबला तिथूनच पुढं चालायचं. ही झोप आणि ही जाग राजेश्वरीनं दोन वर्षं खपून लिहिली होती. आणि आता डबा झोपत होता शहाण्यासारखा, पण उठताना मधूनच अडकत होता.

तिचे वरिष्ठ अतुल सर स्पष्टच म्हणाले होते, "जानेवारीअखेर ओंकारच्या मळ्यात हा नीट चालला तर तुझी झोप ठेवू. नाहीतर काढून टाकू. लाईट आली की साधा पहिल्यापासून चालू."

पहिल्यापासून म्हणजे काय, हे इंदुरीच्या शेतकऱ्याच्या लेकीला सांगायला नको होतं. निम्मं खत देऊन झालंय हे विसरून डबा पुन्हा पहिल्यापासून खत देणार, आणि मुळ्या करपणार. ती हट्टाला पेटली. दर गुरुवारी स्वतः येऊन डबा तपासायचा, असं तिनं ठरवून टाकलं.

आणि गंमत बघा, गुरुवारी डबा कसा अगदी गुणी बाळ! ती लाईट तोडायची, डबा झोपायचा. लाईट जोडायची, डबा टुणकन उठायचा. ओंकार बाजूला उभा राहून फुलं तोडल्यासारखं करायचा आणि तिच्याकडे बघायचा.

"बघताय काय?" ती लॅपटॉपवरून मान न उचलता विचारायची.

"डब्याकडं बघतोय."

"डबा तिकडे आहे."

"व्हय का... धुक्यात दिसला न्हाई."

धुकं बाहेर असायचं, आत सगळं लख्ख. तिला हसू यायचं, ते ती ओठ मुडपून दाबायची. परतीच्या वाटेवर मात्र बसमध्ये एकटीच हसत बसायची आणि कामशेत कधी गेलं ते कळायचं नाही. मनातून ती पुरती हरली होती. पण डब्याचं काय? काही न करता बिघाड जातो, यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

जानेवारीतल्या एका गुरुवारी तिची नजर तिसऱ्या वाफ्यावर गेली. पानांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या.

"हे काय?"

"ऊन लागलं आसंल."

"जानेवारीत? वलवणला?" तिनं पान तोडून त्याच्यासमोर धरलं. "ओंकार, खत दोनदा पडलंय. डबा अडकला होता ना?"

तो हातमोजे काढू लागला, परत घालू लागला... तेवढ्यात त्याची आई नंदाबाई चहा घेऊन आली. "आगं, तू येनार म्हनलं की ह्यो तांबडं फुटायच्या आदी हितं हजर! त्या डब्याची बटनं खटाखटा बंद काय करतोय, चालू काय करतोय... पाव्हनं यायच्या आदी घर आवरावं तसं!"

चहा तसाच राहिला. नंदाबाई दोघांची तोंडं बघून गुपचूप माघारी फिरली.

"दर गुरुवारी?" राजेश्वरीनं विचारलं.

"...दर गुरुवारी. तुमीच दावलं व्हतं बटन."

"का पण?"

"तुमीच म्हनला व्हता, सरांना अडकला म्हनून कळलं तर तुमची झोप काढून टाकतील. मग तुमी कशाला येताय? आनि आला की ओठ मुडपून हसू दाबता तुमी. त्ये... बघायला बरं वाटतं."

राग आला की तिची पुणेरी भाषा गळून पडायची. "आरं पन माझं काम बुडवलंस की! बिगाड माझ्यापास्नं लपवला, तर मी दुरुस्त काय करू? कपाळ?" ती तरातरा दारापर्यंत गेली. दाराशी थांबली. आणि हळूच मागं वळली. डोळे चमकत होते.

"म्हणजे तो अडकतो तो बरेच दिवस सलग चालल्यावरच?"

"व्हय. तीन-चार दिस झालं की हमखास."

"आणि कंपनीत आम्ही नेहमी ताजा चालू केलेला डबाच झोपवून बघतो..." ती पुटपुटली. "ओंकार, पुढच्या गुरुवारपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. खत तुम्ही हातानं द्या. शप्पथ?"

"शप्पथ."

आठवडाभरात लाईट एकदाही गेली नाही. पुढच्या गुरुवारी तिनं लाईट तोडली, जोडली... आणि डबा मेल्यासारखा काळाठिक्कर पडला. राजेश्वरीनं टाळ्याच पिटल्या! ओंकारला वाटलं पोरगी खुळी झाली.

ती तिथंच उलट्या क्रेटवर बसली. लॅपटॉप जोडला आणि जेवायलाही उठली नाही. दुपार कलताना ती ओरडली, "सापडलं!"

"काय सापडलं? मानसाला कळंल आसं सांगा."

"घर रंगवायला काढलं की सामान बाहेर काढतो. परत लावताना काय कुठल्या खोलीत जायचं, याचा नकाशा हाताशी लागतो. यंत्राच्या मेमरीतल्या त्या नकाशाला पेज टेबल म्हणतात. उठताना यंत्र एक तात्पुरता नकाशा बनवतं आणि आत्ता रिकामी दिसेल त्या खोलीत ठेवतं. पण झोपायच्या आधी ती खोली भरलेली असेल तर?"

"सामान परत आलं की... कपाट नकाशावरच बसंल!"

"बसतंच. नकाशा गेला की यंत्र आंधळं. ताज्या डब्यात सामानच थोडं, म्हणून तिथं कधी घडलं नाही."

"म्हंजे मी दर गुरुवारी घर रिकामं करून..."

"...मला दाखवत होता," ती म्हणाली, आणि ह्या वेळी हसू दाबलं नाही. "आता उठताना, झोपण्याआधी कुठल्या खोल्या भरल्या होत्या ते आधी बघायचं, आणि त्या सोडूनच नकाशा ठेवायचा. भांडण मिटलं."

तिनं डब्याची मेमरी मुद्दाम ठासून भरली. लाईट तोडली. जोडली. हिरवा दिवा लागला आणि ठिबकची झडप अर्ध्या खतावरून पुढं सुरू झाली. पुन्हा तोडली, पुन्हा जोडली. उठला! डबा भरभरून ठेवावा आणि निजवावा, तरी तो उठतच राहिला.

तिनं अतुल सरांना फोन लावला आणि सरळ ओंकारच्या हातात दिला. "खरं ते सांगा."

"आवो, पन त्यांनी झोप काढली तर?"

"काढू देत. खोट्यावर ती मला नकोच आहे."

"सर, डबा लय वेळा अडकला. मीच लपवलं. आज मॅडमनी कारन शोधलं आनि माझ्यासमोर नीट केला." सरांनी फोन तिला द्यायला सांगितला, खोल्या आणि नकाशाचं सगळं ऐकलं, आणि म्हणाले, "कारण हातात आहे ना? मग राहू दे तुझी झोप."

फोन ठेवून तिनं लॅपटॉप मिटला. ओंकार उगाच एका कळीशी चाळा करत होता.

"आता गुरुवारी तुमी यायच्या न्हाईत."

"कारणच उरलं नाही."

"आनिक एक बिगाड हाय... लपवलेला." त्याचे कान लाल झाले. "माझं कशातच ध्यान लागत न्हाई."

तिनं भुवई उंचावली. "कधीपासून?"

"नोव्हेंबरपास्नं."

"तेव्हा काय बदललं होतं?"

"...तुमी आलता."

मागं हटणं राजेश्वरीला ठाऊक नव्हतं. "मलाही तुम्ही आवडता. डबा नीट चालला की आनंद व्हायच्या ऐवजी वाईट वाटायचं मला, आता इथं यायचं निमित्त संपलं म्हणून." ती उठून उभी राहिली. "रविवारी नंदामावशींना घेऊन इंदुरीला या. माझ्या आबांशी मी आजच बोलते."

"आनि आबा न्हाई म्हनले तर?"

"का नाही, ते विचारीन. आणि मग त्यांना समजावत बसेन. आज बसले तशी."

ओंकार पॉलिहाऊसच्या दाराकडे धावला आणि घराच्या दिशेनं ओरडला, "आये! रविवारी इंदुरीला जायाचंय!"

"कशाला रं?" लांबून नंदाबाईंचा आवाज आला.

तो मागं वळून राजेश्वरीकडे बघू लागला. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली, ओंजळ तोंडाशी धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मला मागणी घालायला, मावशी!"