बंद इंजिनातला ठोका

दुपारी तीनच्या सुमाराला डॅरेलने बीटचा रिकामा ट्रक सॉल्वेगच्या गॅरेजच्या अंगणात आणून लावला आणि खिडकीतूनच ओरडला, "ए मावशी, इंजिन ठोकतंय गं! बघ जरा पटकन!"

सॉल्वेगला कुणी घाई केलेली खपत नसे. त्रेसष्ट वर्षांची बाई, त्यातली चाळीस ट्रकांची पोटं उसवण्यात गेलेली. नॉर्थ डकोटात ऑक्टोबरमध्ये जमीन गोठायच्या आत साखरेचे बीट उपसून साखर कारखान्यावर पोचवायचे, म्हणून ट्रक दिवसरात्र थांबत नाहीत. ट्रकांचं ठीक आहे, ते लोखंडाचे. पण माणसानेही थांबू नये, ही अक्कल कुणाची? रात्रपाळीचा माणूस काम सोडून गेला आणि तिच्या मेलेल्या बहिणीचा हा एकुलता एक पोरगा चार दिवस दोन्ही पाळ्या एकटा ओढत होता.

तिने ट्रकचं दार उघडलं तशी एनर्जी ड्रिंकचे रिकामे डबे खळाखळा तिच्या बुटांवर सांडले. आतून गोडसर, औषधी वास आला.

"आज किती ढोसलेस?"

"सहाच."

"सहाच म्हणे! तुझ्या बापाने जन्मात एवढं पाणी प्यायलं नसेल."

"मावशी, तू आधी इंजिन बघ. शिव्या मग खातो." त्याचा गुडघा एकसारखा हलत होता. स्टिअरिंगवर बोटं ताशा वाजवत होती.

तिने लांब पेचकस उचलला. पात्याचं टोक इंजिनाला, लाकडी मूठ कानाला. जुन्या मेकॅनिकांची ही रीत, लोखंड असं ऐकलं की खोटं बोलत नाही. इंजिन स्वच्छ फिरत होतं. पण त्याच्या खाली काहीतरी होतं. ठक, ठक... मग काहीच नाही... मग ठकठकठक.

झिजलेला भाग फेऱ्याबरोबर ठोकतो, त्याला ताल असतो. हे म्हणजे लंगडा माणूस जिना चढत पळतोय.

"बंद कर."

इंजिन थांबलं. काळ्या, उघड्या शेतांवरून वारा आला.

ठक... ठकठक...

"बंद केलंस का रे?"

"हे काय, किल्ली हातात आहे."

तिने टोक बॉनेटवर ठेवलं, मग चाकावरच्या पत्र्यावर. सगळीकडे तेच.

"तुला कधीपासून ऐकू येतंय?"

"सकाळपासून. जेवणाच्या सुट्टीत खाली उतरलो, तरी कानातच होतं..." बोलता बोलता तो खाली आला. त्याचा हात त्याच्या नकळत छातीवर गेला होता.

सॉल्वेगने तो हात बाजूला सारला आणि पेचकसाचं टोक त्याच्या शर्टावर टेकवलं. दुसरा तळवा तिचा बॉनेटवरच होता. कानात आणि तळव्यात, एकाच क्षणी, तोच लंगडा ठोका.

"माझ्या गाडीत बस. दवाखान्यात."

"अगं, दोन खेपा राहिल्यात. अर्लन मालक बोंबलेल."

"बोंबलू दे मेल्याला. चल!"

दोन पावलं टाकून तो खडीवर बसला. कसनुसं हसला. "मावशी... आत घोडा सुटलाय गं..."

सॉल्वेगने बोलावलेली रुग्णवाहिका त्याला घेऊन गेली. सॉल्वेग मागोमाग निघणार होती. पण बॉनेटवर हात ठेवला आणि तिथेच खिळली. ठोका क्षीण होत चालला होता. आपण हात काढला तर... पुढचा विचार तिने केला नाही. पेचकस कानाला लावून ती उभी राहिली. हळूहळू ठोका सावरला. एकसारखा, ठाम झाला.

पावणेपाचला फोन आला. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "वाचला. पण चार वाजून दहाला हृदय बंद पडलं होतं. चार मिनिटं काहीच नव्हतं, मग विजेच्या झटक्यांनी परत आणलं."

सॉल्वेगचा तळवा अजून बॉनेटवरच होता. त्या चार मिनिटांत इथे एकही ठोका चुकला नव्हता.

तीन आठवड्यांनी डॅरेल तिच्या घरी आला. डब्यांवर आणि कॉफीवर डॉक्टरांनी कायमची बंदी घातली होती. गडी ओव्हनमध्ये भाजलेला बटाट्याचा हॉटडिश दोनदा वाढून घेऊन जेवला आणि खुर्चीतच घोरू लागला. तिने पेचकस आणला. अलगद टोक त्याच्या छातीवर ठेवलं. ऐकलं. जागा बदलून पुन्हा ऐकलं. श्वास होता, पोटाची गुरगुर होती. बाकी काही नव्हतं.

त्याने डोळे उघडले. "काय मावशी, चालतंय ना मशीन?"

"चालतंय," ती म्हणाली. "झोप."

इंजिन ठोकतंय म्हणून तो ट्रक अर्लनने भंगारात काढायचं ठरवलं होतं. सॉल्वेग तडक त्याच्या दारात गेली, "त्याला हात तर लावून बघ, मग सांगते!" एवढंच म्हणाली आणि किल्ली घेऊन आली. डॅरेल कोसळला त्या दिवसापासून ती किल्ली कुणी फिरवलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात आली. रात्रीच्या गारठ्याने ट्रॅक्टर, गाड्या, कुंपण, सगळ्यांवर बर्फाची पांढरी साय धरली होती. फक्त त्या एका ट्रकाचं बॉनेट ओलं होतं, आणि त्यातून वाफ निघत होती.