बंद हॉलमधली हवा

हसू नका रे. मघाशी दिवे गेले तेव्हा कोण आधी माझ्या अंगाला चिकटलं, ते मला चांगलं ठाऊक आहे. गपचूप बसा, आणि मध्येच मोबाइलचा उजेड पाडायचा नाही. ज्याची ही गोष्ट तो माझा शाळेपासूनचा मित्र. त्यानं ती मला एकदाच सांगितली. पुन्हा विषय काढला की उठून जातो.

त्याचं काम हवेचं. सगळे त्याला हवावालाच म्हणायचे. 'नुसती हवा खाऊन पगार घेतो लेकाचा' म्हणून चिडवायचे. जमिनीखालचं शहर बांधत होते तेव्हाची गोष्ट. मोठं स्टेशन, तीन दिशांच्या गाड्या तिथं येऊन मिळतात, शेजारी बसचा डेपो, आणि या सगळ्याच्या पोटात चार मजले खाली बाजार, दवाखाना, ऑफिसं. खिडकी औषधालाही नाही. तिथं माणसं जगवायची तर हवा वरून ओढून आणावी लागते. ते याचं खातं.

सगळ्यात खाली एक मोठा हॉल होता. प्रवाशांनी बसायला म्हणून बांधला, आणि मग साहेब लोकांनी नकाशा फिरवला. रस्ता दुसरीकडून न्यायचं ठरलं, हॉल अडगळ झाला. आता त्याच्या दारावर भिंत घालून तो कायमचा बंद करायचा.

जानेवारीतला तिसरा शुक्रवार, रात्रीचे साडेअकरा. सकाळी गवंडी येणार होते. हवावाल्याला आत ठेवलेलं यंत्र तेवढं उचलून आणायचं होतं आणि हॉल रिकामा आहे असं कळवायचं होतं. बायकोला म्हणाला, "ताट झाकून ठेव, आलोच."

यंत्र साधं. माणूस श्वास सोडतो ना, त्यातला वायू मोजतं. मोकळ्या हवेत आकडा चारशेच्या आसपास, बंद रिकाम्या खोलीतही तेवढाच. चढला की समजायचं, आत कोणीतरी आहे. तो आकडा दाराबाहेरच्या पडद्यावरही दिसायचा.

पडद्यावर होता अकराशे.

हवावाल्याचं डोकं सटकलं. कारण त्या हॉलची किल्ली एकाकडेच, रात्रपाळीच्या पहारेकऱ्याकडे. आणि तो पहारेकरी म्हणजे याचा सख्खा मेहुणा. बायकोनं डोळ्यांत पाणी आणलं म्हणून यानंच त्याला तिथं चिकटवला होता. या पठ्ठ्यानं मागे एका गोदामात ओळखीपाळखीची माणसं रात्री झोपायला घेतली होती आणि नोकरी घालवली होती.

"किती जण झोपवलेस आत?"

"दाजी, आत कुत्रंसुद्धा नाही."

"मग हे यंत्र काय माझी थट्टा करतंय?"

"ते यंत्रालाच विचारा."

"अरे, उद्या इथं भिंत उभी राहणार! कोणी कोपऱ्यात पांघरूण घेऊन पडलं असेल तर त्याचं काय होईल, कळतंय का? हात जोडतो, खरं बोल. तुझी नोकरी मी वाचवीन. पण जिवंत माणूस गाडला गेला तर मला आयुष्यभर झोप लागणार नाही रे."

मेहुणा मान खाली घालून उभा. हवावाल्याचा संशय पक्का झाला. त्यानं किल्ली हिसकावली, टॉर्च घेतला आणि आत शिरला.

एकेका खांबामागे पाहिलं. पांघरूण नाही, विडीचं थोटूक नाही. सिमेंटच्या धुळीत पावलं फक्त त्याचीच, यंत्र ठेवायला आला होता तेव्हाची. पण हवा मात्र शिळी होती. उबदार. भरलेल्या बसमध्ये असते तशी.

आणि यंत्रावरचा आकडा चढत होता. अकराशे दहा... वीस... तीस...

"दाजी, चला ना." मेहुणा उंबऱ्याबाहेरच.

"तू आत ये."

"नाही."

"का?"

मेहुण्यानं आणखी दोन पावलं मागे घेतली.

"अरे, का?"

"एकदा दाराला कान लावला होता... परत नाही लावला."

हवावाल्याला ते सोंग वाटलं. तो अंधाराकडे वळला आणि ओरडला, "कोण आहे? बाहेर या! मी कोणाला काही सांगणार नाही!"

आवाज घुमला. विरला.

आकडा थांबला.

अकराशे साठ. अकराशे साठ. हलेचना.

एक जण नव्हता. पुष्कळ होते. आणि सगळ्यांनी... एकदम... श्वास रोखला होता.

तो मागे सरकला. पाठ न वळवता. एक पाऊल. आणखी एक. दार ओढलं. कुलूप. दोघंही पडद्याकडे बघत उभे.

काही नाही...

काही नाही...

आकडा उडी मारून पंधराशेवर गेला.

सकाळी हवावाला आडवा पडला, भिंत घालू देणार नाही म्हणाला. साहेब चिडले. दहा माणसं, मोठे दिवे घेऊन हॉल पालथा घातला. कोणी सापडलं नाही. "हवावाल्याच्या डोक्यातच हवा शिरली," म्हणून सगळे खो खो हसले. त्यानं शेवटी एवढंच मागितलं, छताजवळ वीतभर जाळी ठेवा. "रिकाम्या हॉलला श्वास कशाला रे?" साहेब म्हणाले. पण कटकट नको म्हणून ठेवली.

शहर सुरू व्हायच्या आदल्या रात्री तो मेहुण्याला घेऊन तिथं गेला. हवेचं काम करणाऱ्यांची एक पद्धत असते. जाळीला कागदाची बारीक पट्टी बांधतात, ती हलली की समजायचं हवा खेळतेय. त्यानं शिडी लावून पट्टी बांधली. त्या भिंतीमागे पंखा नाही, पाइप नाही. पट्टी सरळ लोंबायला हवी होती.

ती जाळीला चिकटली. मग बाहेर आली. मग पुन्हा आत. सावकाश.

हवावाला शिडीवरून खाली उतरला. त्याला रडूच फुटलं.

"आपण कोणाला गाडलं रे?"

मेहुण्यानं त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं वर दाखवलं. पट्टी आत ओढलेली होती. तशीच राहिली. हे दोघं शिडी उचलून जिन्यापर्यंत गेले, वळून पाहिलं, तरी ती तशीच होती.