पाच वाजता चक्की बंद

या, जवळ या. खुर्ची शेगडीकडे ओढून घ्या. आज तुम्हाला एक गोड गोष्ट सांगते, दोन जिवांची. जिथे खरी माया असते तिथे देव घटकाभर उंबऱ्यात थांबतो असं मी मानते. म्हणून म्हणते, ऐकताना घाई करू नका.

बेलग्रेडजवळच्या आमच्या पान्चेवो गावात, तामिश नदीपासून दोन गल्ल्या आत, मिलुतिनचं कॉफीचं दुकान होतं. मागच्या खोलीत बिया भाजायच्या आणि पुढे गिऱ्हाइकासमोर दळून द्यायच्या. ती विजेची चक्की सुरू झाली की वरच्या मजल्यावरच्या बशासुद्धा थरथरायच्या. बायको गेल्यापासून मिलुतिन फारसा बोलत नसे, त्याच्या वतीनं चक्कीच बोलायची. गल्ल्यावर त्याची मुलगी विदा बसायची. दर रविवारी चर्चमध्ये ती माझ्या शेजारी उभी राहून गायची. कान असा तिखट की पाद्रीबाबांच्या हाताखालच्या डीकनला सर्दी झालीय हे त्याच्या पहिल्या सुरावरून ओळखायची.

आणि एका शनिवारी, वारा सुटलेला, दार आपोआप आपटतंय, अशा वेळी एक उंच, विस्कटलेल्या केसांचा मुलगा दुकानात आला. शंभर ग्रॅम कॉफी घेतली. पुडी हातात घेऊन तिथेच उभा राहिला.

विदानं विचारलं, अजून काही?

"ही चक्की… बंद कधी होते?"

"का? झोप मोडते?"

"नाही. म्हणजे… पाच वाजता, फक्त दहा मिनिटं बंद ठेवता येईल?"

विदानं त्याला नीट न्याहाळलं. वरच्या मजल्यावर कोसारामावशी राहायच्या, हा त्यांचा भाचा वुकाशिन, इंजिनियरिंग शिकायला आलेला. आणि मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून तिचा हात पुड्या बांधता बांधता थांबला. मावशीनं सरहद्दीपलीकडच्या त्रिएस्तेहून येताना धुण्याच्या पावडरीच्या खोक्यात लपवून त्याच्यासाठी एक छोटा कॉम्प्युटर आणला होता. खेळ विकत घ्यायचे तर मिळत नसत. पण शनिवारी पाच वाजता बेलग्रेडच्या एका रेडिओ स्टेशनवरून खेळच प्रसारित व्हायचे. खेळ म्हणजे नुसता आवाज, कर्कश, चिरका. तो कॅसेटवर धरायचा, कॅसेट कॉम्प्युटरला ऐकवायची, की पडद्यावर खेळ उभा राहायचा. पण खाली चक्की फिरली की रेडिओत खरखर शिरायची, आणि एवढीशी खरखर शिरली तरी सगळा खेळ वाया.

"म्हणजे आमच्या चक्कीनं तुमचे किती खेळ दळले?"

"सगळेच," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. "बाकी गल्लीत सगळ्यांकडे आहेत."

विदा मनाशी म्हणाली, बरा दिसतोय. तोंडानं म्हणाली, चक्की बंद होईल, पण फुकट नाही. दर शनिवारी खाली यायचं आणि सांगायचं, आजवरच्या सगळ्या खेळांत सगळ्यात मोठा खेळ कोणता आणि का. पटलं तर पुढच्या शनिवारी चक्की बंद, नाहीतर आहेच दळण.

बाबांना तिनं काय सांगितलं असेल? मोटार तापते, तिला दहा मिनिटं विश्रांती द्यावी. मिलुतिन हं म्हणाला. त्याला पटलं की नाही, देव जाणे.

झालं, वुकाशिन दर शनिवारी यायला लागला. पहिल्यांदा म्हणाला, सगळ्यात मोठा खेळ तो, ज्यात एक पिवळं तोंड चक्रव्यूहात ठिपके खात पळतं आणि मागे भुतं लागतात. का, तर त्यात राजा नाही, लढाई नाही, नुसती भूक आणि भीती. विदा म्हणाली, हे तर आमच्या दुकानात दर सणाच्या आदल्या दिवशी चालतं. पुढच्या शनिवारी त्यानं मत बदललं. आता खाणीतला माणूस मोठा. बिचारा गुहेत उड्या मारतो आणि वर हवा संपत जाते, एक उडी चुकली की पहिल्यापासून. विदानं विचारलं, म्हणजे दुसऱ्याच्या जिवाला घोर लागला की खेळ मोठा? तो गडबडला. तिसऱ्या शनिवारी ताऱ्यांमधून जहाज नेऊन व्यापार करण्याचा खेळ आला. त्यात काय करायचं हे कुणी सांगतच नाही, आकाश संपतच नाही. हे मात्र तिला आवडलं. किती वेळ तरी ती विचारत राहिली, तिथे धान्य विकता येतं का, कॉफी विकता येते का, वाटेत कुणी भेटतं का. तो प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असं मनापासून द्यायचा, की मागची गिऱ्हाइकं ताटकळायची.

मीही ताटकळले आहे. पण मला राग नाही यायचा. दोन माणसं एकमेकांना नवं काहीतरी विचारतायत, हे ऐकणं म्हणजे अर्धी प्रार्थनाच की.

एकदा तो पडलेल्या चेहऱ्यानं आला. चक्की बंद होती, खरखर नव्हती, तरी खेळ उभा राहत नव्हता. विदा म्हणाली, मला ऐकव. कोसारामावशींनी दार उघडलं, रीतीप्रमाणे तिच्यापुढे गुलाबाचा मुरंबा आणि पाण्याचा पेला ठेवला आणि स्वयंपाकघरात गेल्या, पण दार सताड उघडं ठेवून.

कॅसेट सुरू झाली. विदानं डोळे मिटले.

"हा आवाज दबलाय. घोंगडीखालून आल्यासारखा."

त्यानं चमकून पाहिलं. टेपच्या हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून आवाज धारदार करायचा असतो. पण नेमकं कुठे थांबायचं हे त्याला कधी कळत नसे. त्यानं छोटा पेचकस घेतला. ती टेपवर वाकली, तोही वाकला. तिचे केस त्याच्या मनगटावर आले.

"फिरव… अजून थोडा. नाही, मागे. हं… थांब."

तो थांबला.

"हात का थरथरतोय?"

"चक्की चालू असेल."

"चक्की बंद आहे," विदा हळूच म्हणाली.

पडद्याच्या कडेनं रंगीत पट्टे पळाले आणि खेळ उभा राहिला. दोघांपैकी कुणीच तिकडे बघत नव्हतं.

त्या दिवशी त्यानं तिला सांगितलं, मी स्वतः एक खेळ बनवतोय. रात्र आहे, तामिश फुगलीय, कोशावा वारा घोंगावतोय आणि एक नावाडी नाव पलीकडे नेतोय. विदानं विचारलं, पलीकडे कोण आहे?

"कुणी नाही. पोचलं की पुन्हा अलीकडच्या काठावर. फक्त वारा वाढतो."

"म्हणजे जिंकल्यावर शिक्षा?"

"सगळे खेळ असेच असतात, विदा."

"मग अजून सगळ्यात मोठा खेळ झालाच नाही," ती म्हणाली. "पलीकडे कुणी वाट बघत नसेल, तर माणसानं पोचायचं कशाला?"

पुढचे कितीतरी दिवस तो दुकानात आला की कॉफी घ्यायचा, तिच्याकडे बघायचा, ओठ हलायचे, आणि निघून जायचा. विदा चिडली. दोनदा तिनं त्याला जळक्या बियांची कॉफी दिली. त्यानं ती मुकाट्यानं प्यायली म्हणे.

मग नोव्हेंबर आला आणि बरोबर हुकूमही आला. तेव्हा देशाचे तुकडे झाले नव्हते, तो एकच होता आणि प्रत्येक मुलाला वर्षभर सैन्यात जावंच लागायचं. वुकाशिनला आठवड्याच्या आत निघायचं होतं, पार दूर, डोंगरातल्या बराकीत. निघण्याआधी त्यानं खेळ पुरा केला आणि कॅसेट रेडिओवाल्यांना पाठवून दिली. त्यांनी कळवलं, या शनिवारी पाच वाजता लावतो. आणि इकडे त्याच संध्याकाळी घरच्या टेपनं त्याच्याजवळची उरलेली प्रत चावून तिचा गुंता केला. आता खेळ परत मिळायचा तर आकाशातूनच, आणि एकदाच.

तो दुकानाच्या दारात आला. आतसुद्धा आला नाही.

"शेवट बदललाय," म्हणाला. "तुला विचारायचं होतं ते… त्यातच आहे. मला तोंडानं जमत नाही."

"आणि हा शनिवार हुकला तर?"

त्यानं खांदे उडवले आणि जिना चढून गेला. चक्कीचं नाव त्यानं काढलंच नाही. काढणार कसं? तो शनिवार म्हणजे देवदूत मिखाएलच्या सणाआधीचा. अर्ध्या गावाच्या घरी तो कुळाचा सण, घरोघरी पाहुणे आणि पाहुण्याला पहिली कॉफी. वर्षभराची कमाई त्या एका दिवसात. त्या दिवशी चक्की थांबवा म्हणणं म्हणजे मिलुतिनला श्वास थांबव म्हणण्यासारखं.

रांग दाराबाहेर गेली होती. मीही तिच्यात होते. बाहेर बारीक पाऊस आणि वारा, आत ओल्या कोटांचा आणि ताज्या कॉफीचा वास. घड्याळात पाच व्हायला आले. मिलुतिननं नव्या बिया चक्कीत ओतल्या आणि बटणाकडे हात नेला, तर बटणावर विदाचा हात.

"बाबा, पाच वाजले."

"आज नाही. रांग बघ."

"बाबा…"

"हात काढ, पोरी."

विदाचा चेहरा लाल झाला. सगळी रांग बघत होती. पण हात तिथेच.

"पुढच्या शनिवारी तो इथे नसेल," ती म्हणाली.

मिलुतिननं विचारलं, कोण नसेल? मला राहवलं नाही. मी म्हटलं, "मिलुतिन, सगळ्या गल्लीला माहीत आहे. तुला एकट्यालाच सांगायचं राहिलंय."

मिलुतिननं लेकीकडे पाहिलं, मग वर छताकडे. आणि हात नेला तो भिंतीवरच्या मोठ्या खटक्याकडे. खट्. चक्की गेली, पंखा गेला, दुकानातले दिवेही गेले. फळीवर जुना, सेलवर चालणारा रेडिओ होता. तो त्यानं स्वतः लावला.

आणि तो आवाज आला. चिरका, लांबच लांब, मध्येच किडे कुरतडल्यासारखा. अंधुक उजेडात बायका पिशव्या पोटाशी धरून उभ्या. माझ्यामागच्या आजीबाईंनी दबक्या आवाजात विचारलं, हे मॉस्को आहे का? कुणी हसलं नाही. सगळे असे उभे होते, जसे चर्चमध्ये पवित्र पुस्तक वाचलं जाताना उभे राहतात. कळत काही नव्हतं, पण कुणासाठी तरी ते मोलाचं आहे, एवढं कळत होतं.

आणि त्या आवाजात मिलुतिन बोलला. कुणाकडे न बघता.

"सगळ्यात मोठा खेळ एकच. पडद्यावर दोन काठ्या आणि एक ठिपका. समुद्रावरच्या हॉटेलात होता. विदाची आई एका बाजूला, मी एका बाजूला. तिनं मला हरवलं, आणि इतकी हसली…" तो थांबला. "एकट्यानं खेळायचा नव्हताच तो."

विदाला हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं. तिनं बाबांच्या बाहीला धरलं. आवाज संपला. तिनं कान देऊन ऐकलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकही ओरखडा नव्हता.

"जा वर," मिलुतिन म्हणाला. "इथलं मी बघतो."

वुकाशिन टेपपुढे बसला होता, हात गुडघ्यांत. चक्की थांबली तेव्हापासून, मावशी सांगतात, तो जागचा हललाच नव्हता. रंगीत पट्टे पळाले. नदी आली, वारा आला, नाव आली. आणि पलीकडच्या काठावर एक इवलीशी आकृती उभी, हातात कंदील.

"डावीकडची बटणं माझी," तो म्हणाला. "उजवीकडची… दुसऱ्याची. कंदील वर धरला नाही तर नावाड्याला काठ दिसत नाही. एकट्याला खेळता येत नाही आता."

विदा शेजारी बसली. पहिल्या खेपेला तिला हसू आलं, कंदील खाली गेला आणि नाव बुडाली. दुसऱ्या खेपेला तिनं बटणावरचं बोट हलवलं नाही. वारा वाढला, नाव भेलकांडली, आणि हळूच काठाला लागली. नावाडी उतरला. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले.

"आता वारा वाढणार?"

"नाही. संपला."

"एवढंच?"

"एवढंच." मग पडद्यावरची नजर न काढता, "विदा… एक वर्ष आहे. कंदील कोण धरणार?"

"डोळे आहेत ना तुला? बटणावर हात कुणाचा आहे, बघ."

त्यानं बघितलं. आणि त्या हातावर आपला हात ठेवला. स्वयंपाकघरात मावशींच्या हातून चमचा पडला, की मुद्दाम पाडला, मला ठाऊक नाही.

निघताना स्टेशनवर त्यानं विचारलं, आता तरी सांग, सगळ्यात मोठा खेळ कोणता? विदा म्हणाली, असं घाईत नाही सांगणार, परत आलास की सांगेन. तो परत आला पुढच्या हिवाळ्यात, केस बारीक, गाल आत गेलेले. दुकानाच्या दारातच तिनं त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि तो एवढ्यानं हसला की रांगेतले सगळे हसले. काय सांगितलं? मी कितीदा विचारलं. लग्नात विचारलं, बारशात विचारलं. दोघं एकमेकांकडे बघतात आणि मला कॉफी ओततात.

रेडिओवरचे खेळ पुढे बंद पडले. तरी मिलुतिन असेपर्यंत त्या दुकानात शनिवारी पाच वाजता चक्की थांबायची. का, हे नव्या गिऱ्हाइकांना कळायचं नाही. तो सांगायचाही नाही. गल्ल्यावर कोपर टेकून नुसता उभा राहायचा, काहीतरी ऐकल्यासारखा.

आता तो नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या घरात एखादं तरुण पोर तुम्हाला न कळणारं काही जीव लावून ऐकत बसलेलं दिसलं, तर हातातलं काम घटकाभर थांबवा, आणि तेवढ्यात मिलुतिनची आठवण काढा.