राखून ठेवलेली खेळी

घोणसगडाच्या पूर्वकड्याला उन्हाची पहिली तिरीप लागली तेव्हा दरीतले धुके अजून हलले नव्हते. आणि त्या धुक्यातून नगाऱ्याचा आवाज वर चढत आला, तसे गडावरच्या प्रत्येकाला कळून चुकले की उदाजीराजे आपल्या बंदिवान भावाचा निकाल लावायला येत आहेत.

जैतोजीराजे त्यांचे धाकटे बंधू. गादीवर डोळा ठेवल्याचा आळ कारभाऱ्यांनी त्यांच्यावर घेतला, थोरल्यांनी तो खरा मानला, आणि पत्नी मैनाबाईंसह त्यांना या गडावर कैदेत ठेवले. आता मैनाबाईंचे दिवस भरत आले होते. थोरल्यांना पुत्र नव्हता. धाकट्यांना झाला तर तोच वारस, आणि त्याला जगू द्यायचे नाही हा कारभाऱ्यांचा मनसुबा किल्लेदार सुभानजी घोरण्यांच्या कानी आला होता. राजे सदरेवर असतील तोवर तटावरचे पहारे त्यांच्या तैनातीला येतील. तेवढ्या अवधीत मैनाबाईंना मागच्या कड्यावरून दोरांनी खाली उतरवायचे, असे सुभानजींनी ठरवले.

"त्या दरीपार झाल्या की मी सदरेवर येऊन उभा राहीन," ते जैतोजीराजांना म्हणाले. "तोवर राजांना उठू देऊ नका."

सदरेवर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता. उदाजीराजांनी स्वतःच्या हाताने मोहरे लावले.

"ओळखलात हा डाव?"

"आपला शेवटचा, दादामहाराज. खेळी माझी होती."

"दिवस मावळायच्या आत यातून मात काढून दाखवा. काढलीत तर तुम्ही मोकळे. नाहीतर उद्या कडेलोट. हा आमचा भर सदरेतला शब्द."

"आणि मैनाबाई?"

"त्या बाळंत होईपर्यंत गडावरच राहतील," राजे म्हणाले, पण भावाकडे न बघता.

भावाला सोडायला थोरल्यांना कारभाऱ्यांसमोर एक निमित्त हवे होते, आणि त्यांनी ते असे शोधले होते.

डाव अवघड होता. थोरल्यांचा राजा कोपऱ्यात कोंडलेला, सोबतीला एकच हत्ती. धाकट्यांकडे राजा, घोडा आणि दोन प्यादी. घोड्याने हत्ती सहज मारता येत होता, पण मारला की समोरचा राजा एकटा पडे, आणि एकट्या राजावर मात करता येत नसल्याने त्या काळच्या नियमाप्रमाणे डाव बरोबरीत सुटे. हत्ती जिवंत ठेवूनच जिंकायचे होते. जैतोजीराजांनी एकेक वाट मनात चालून पाहिली आणि सोडून दिली. दुपार कलली तेव्हा त्यांना ते दिसले: घोडा मागे घ्यायचा. मग राजाला हलायला घर उरत नाही, हत्तीलाच सरकावे लागते, आणि तो सरकला की प्याद्याची मात.

त्यांचा हात घोड्यापर्यंत गेला. त्यांनी दाराकडे पाहिले. सुभानजी आले नव्हते. हात मागे आला.

"जमतंय?" राजांनी विचारले.

"अजून नाही."

उन्हे सदरेच्या पायऱ्या उतरून गेली. उदाजीराजे अस्वस्थ झाले. पाणी मागवायच्या मिषाने ते पुढे वाकले आणि कारभाऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "जैतू, घोड्याकडे बघ. नीट बघ."

लहानपणानंतर त्या नावाने त्यांना कोणी हाक मारली नव्हती. जैतोजीराजांना क्षणभर पट दिसेनासा झाला.

"बघतोय, दादा," ते म्हणाले, आणि बसून राहिले.

दिवस मावळला. "मुदत संपली, महाराज," कारभारी म्हणाले. राजे तरीही पटासमोरून हलले नाहीत.

त्यानंतर थोड्या वेळाने सुभानजी आत आले आणि खांबाजवळ उभे राहिले. त्यांचे गुडघे मातीने भरले होते आणि तळहात दोराने सोलवटले होते. जैतोजीराजांनी त्यांच्याकडे एकदा पाहिले, मग घोडा उचलून मागे ठेवला, थोरल्यांचा हत्ती आपणच सरकवला आणि प्यादे पुढे केले.

"मात," ते हळूच म्हणाले.

राजांनी त्या तिन्ही खेळी नजरेने पुन्हा तपासल्या. "हे तुला केव्हा दिसलं?"

"दुपारी."

राजांची नजर सुभानजींच्या गुडघ्यांवर गेली, तिथून मागच्या ओस तटाकडे.

"पहारे तटावर पाठवतो," कारभारी म्हणाले.

"आज रात्री कोणी जागचं हलायचं नाही," राजे म्हणाले.

एवढीच दया त्यांच्याच्याने झाली. भर सदरेत दिलेला शब्द फिरवायला जे धैर्य लागते, ते त्यांच्यापाशी नव्हते. सकाळी जैतोजीराजे कोणाचाही हात न धरता कड्यापर्यंत चालत गेले. उदाजीराजे सदरेवरून उठले नाहीत.

मैनाबाई डोंगरापलीकडच्या धनगरवाड्यावर बाळंत झाल्या. मुलगी झाली. गडावर असती तरी कारभाऱ्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. चाकरी सोडून तिथे पोचलेल्या सुभानजींना हे कळले, तेव्हा ते झोपडीबाहेर डोक्याला हात लावून बसले.

"बाईसाहेब, मुलगाच होईल असं जैतोजीराजांना वाटत होतं का?" त्यांनी अखेर विचारले.

मैनाबाईंनी बाळाच्या अंगावरचे घोंगडे सारखे केले.

"त्यांनी कधी विचारलंच नाही," त्या म्हणाल्या.